मावशींची पत्रं आणि अठरा पॉइंट



घरात प्रिंटर असला की बटण दाबल्यावर कागद येतो. पण ऐंशीच्या पुढच्या माणसाला तो वाचता येणं ही निराळी गोष्ट.

आमच्या सासूबाईंची धाकटी बहीण बेळगावात असते. मावशींना ऐकू फार कमी येतं, त्यामुळे फोनवर दोघींचं बोलणं "काय?" आणि "अगं, काय?" याच्या पुढे जात नाही. म्हणून मावशी सांगतात, त्यांचा नातू टाइप करतो आणि मेल इकडे कुडाळला येतो. सासूबाईंना मोबाइलवरचं दिसत नाही, उजेडानं डोळ्यांतून पाणी येतं. आधी मीच वाचून दाखवायची. पण सख्ख्या बहिणीचं पत्र सुनेच्या तोंडून, तेही सगळ्यांसमोर बाहेरच्या खोलीत ऐकायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मध्येच म्हणायच्या, "पुढचं राहू दे गं." ते पुढचं त्यांना एकटीनं वाचायचं असायचं. म्हणून कागद हवा होता.

पहिलाच मेल उघडला तर मराठीच्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी. नातू डीटीपीचं काम करतो, त्याचा हात जुन्या मराठी फॉन्टवर बसलेला. त्या फॉन्टमध्ये अक्षर दिसायला मराठी असतं, पण आत नोंद असते इंग्रजी कळीची. तोच फॉन्ट आपल्या संगणकात नसला की सोंग उतरतं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत, आणि देवनागरी त्यात 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. नातवाला तेवढं सांगितलं, त्यानं ऐकलं. पीडीएफ पाठवली तरी अक्षरं शाबूत येतात, पण मग अक्षर मोठं करून ओळी नव्यानं जुळवणं जमत नाही.

खरी झटापट आकाराची. स्क्रीनवर अक्षर मोठं केलं म्हणजे कागदावर मोठं येतं असं नाही. मेलमध्ये एखादं रुंद चित्र किंवा तक्ता असला तर तो पानात बसवायला सगळं पानच आकसतं, आणि मजकूर मुंगीएवढा होतो. प्रिंटच्या खिडकीत 'स्केल' वाढवून थोडं भागतं. मी मात्र आता मजकूर उचलून वर्डमध्ये नेते, चिकटवताना 'फक्त मजकूर' निवडते. रंग, चौकटी, सगळं तिथेच गळतं. उत्तराला उत्तर जोडत आलेल्या मेलमध्ये ओळीच्या सुरुवातीला बाणासारख्या खुणा असतात आणि ओळी मध्येच तुटलेल्या असतात. साध्या मेलची ओळ 78 अक्षरांच्या आत ठेवावी असा जुना संकेत आहे, त्याचा हा प्रताप. त्या हातानंच जोडाव्या लागतात. (जोडताना मी वाचत नाही, असं सासूबाईंना सांगून ठेवलंय. त्यांचा विश्वास कितपत आहे कोण जाणे!)

वर्डमध्ये आणखी एक गंमत. तिथे इंग्रजीचा आकार वेगळा आणि देवनागरीचा वेगळा धरला जातो. फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' असं लिहिलेलं असतं ते आपलं घर. तिथला आकडा बदलला नाही तर तारीख मोठी आणि मजकूर बारीक, असं ध्यान छापून येतं.

मी 18 पॉइंटवर थांबले. 72 पॉइंटांचा एक इंच, म्हणजे 18 चा पाव इंच झाला. पण त्यात वरची वेलांटी आणि खालचा उकार यांचीही जागा धरलेली असते, मधलं अक्षर त्याहून लहानच. ओळींमधलं अंतर दीडपट. ठळक मात्र करू नका. मोठं दिसेल म्हणून आपण ठळक करतो आणि घ-ध, भ-म यांतल्या फटी बुजून जातात. सासूबाई हिंदी वळणाच्या ल आणि श वरही अडायच्या. मराठी वळण राज्य सरकारनं 2009 च्या निर्णयात ठरवून दिलंय, पण कागदावर कुठलं उमटेल ते फॉन्टवर असतं. दोन-तीन फॉन्टमध्ये एकेक ओळ छापून त्यांच्यासमोर ठेवली आणि त्यांनाच निवडू दिलं.

राहिला आपला पाऊस. आषाढात कागद इतका सर्द होतो की प्रिंटर दोन-दोन पानं एकदम ओढतो. कागद हवाबंद पिशवीत, पापडांच्या डब्याशेजारी ठेवते. पाठपोट छापा, कागद वाचेल, असा सासूबाईंचा आग्रह होता. पण पलीकडची शाई अलीकडे दिसते म्हटल्यावर त्यांनी तो सोडला. कोऱ्या पाठीवर दुधाचा हिशेब होतो. मावशींच्या पत्रांवर मात्र नाही, ती त्यांच्या पेटीत जातात.

आता पत्र आलं की त्या खिडकीशी बसतात, ओळीखाली पट्टी धरून वाचतात. मधूनच हसतात. कशाला हसल्या, ते मी विचारत नाही. उत्तर स्वतः जाड स्केचपेननं लिहितात, मी त्याचा फोटो काढून बेळगावला पाठवते. मागच्या खेपेला पाच ओळींना तीन पानं लागली.