तानापिहिनिपाजा आणि एक निळा दिवा



वार्तापत्रात मुख्याध्यापिकेचा लेख म्हणजे निकाल, शिस्त आणि गणवेश, असे तुम्ही धरूनच चालता. या वेळी मात्र मी दिव्यांविषयी लिहिणार आहे. त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. चूक घरातली होती, पण तिचा धागा आपल्या शाळेपर्यंत येतो, म्हणून ती येथे सांगते.

2023 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धाकट्या भावाकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला गेले होते. त्याचा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. मराठी त्याला सगळी समजते, पण बोलताना दोन वाक्यांनंतर गाडी इंग्रजीवर जाते. पहिले चार दिवस आत्या आणि भाचा दोघेही एकमेकांना जरा बिचकूनच होतो. आमचे बोलणे सुरू झाले ते त्याच्या खोलीतल्या काचेच्या पेटीमुळे.

ही आपल्या ओळखीची गोड्या पाण्यातल्या माशांची पेटी नव्हे. तीत सुमारे सव्वादोनशे लिटर खारे पाणी, दोन नारिंगी-पांढरे क्लाउनफिश आणि जिवंत प्रवाळ होते. प्रवाळ म्हणजे पोवळे, हिंदीत मूंगा. माझ्या आजीच्या अंगठीत मंगळासाठी बसवलेले एक पोवळे होते, तेवढीच माझी त्याच्याशी ओळख. भाच्याने समजावले की दागिन्यातले लाल पोवळे समुद्रात अंधाऱ्या, खोल जागी वाढते आणि त्याला उजेड लागत नाही. पेटीतले प्रवाळ मात्र उजेडावरच जगतात. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल प्रकाश संश्लेषण करून अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे आपल्या यजमानाला देते. म्हणून अशा पेटीत माशांच्या खाण्याइतकेच महत्त्व दिव्याला असते.

मी गेले तेव्हा जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडीचा नवा दिवा बसवायचे घाटत होते. दिवा कोणता घ्यायचा आणि त्यातले रंग किती प्रमाणात ठेवायचे, याचा तक्ता भाच्याने वहीत केला होता. तक्ता पाहून मला आश्चर्य वाटले. गडद निळा जवळजवळ पूर्ण, जांभळा निम्मा, पांढरा अगदी थोडा आणि लाल-हिरवा नावालाच. मी म्हटले, "अरे, एवढा निळा कशाला? दवाखान्यातल्या रात्रीच्या दिव्यासारखे दिसेल."

तो म्हणाला, "आत्या, समुद्रात तसंच असतं."

आणि मग मला माझी शाळा आठवली. माझे बी.एस्सी. पर्यंतचे सगळे शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, वर्गात हिंदी. त्यामुळे इंद्रधनुष्याचे रंग मी दोनदा पाठ केले आहेत. वर्गात 'बैनीआहपीनाला', म्हणजे बैंगनीपासून लालपर्यंत. घरी आईकडून 'तानापिहिनिपाजा', म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत. एक सूत्र दुसऱ्याच्या उलटे का, हे कोडे लहानपणी मला पडत असे. भाच्याला मी मराठी सूत्र म्हणून दाखवले. त्याला ते फार आवडले. त्याने वहीत समुद्राचे चित्र काढले आणि वरून खाली अक्षरे लिहीत गेला. ढोबळमानाने पाणी याच क्रमाने रंग गिळते. तांबडा पहिल्या पाच-दहा मीटरांतच जवळजवळ संपतो. मग नारिंगी, मग पिवळा, त्यानंतर हिरवा विरळ होतो. स्वच्छ समुद्रात सर्वांत खोल पोचतो तो निळा. म्हणजे 'ता-ना-पि-हि' एकेक करून विझतात आणि 'नि' उरतो. प्रवाळांच्या अंगातले शैवाल पिढ्यान्‌पिढ्या या उरलेल्या निळ्यावर पोसले गेले आहे. त्याच्यातली हरितद्रव्ये, ज्यांना आम्ही हिंदीत पर्णहरित म्हणत असू, 400 ते 500 नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश चांगला शोषतात. एलईडीतला गडद निळा असतो साधारण 450 नॅनोमीटरचा. भाच्याच्या तक्त्याचे कारण हे होते.

निळ्याचे आणखी एक काम असते. अनेक प्रवाळांत अशी प्रथिने असतात, की निळा प्रकाश घेऊन ती हिरवा किंवा नारिंगी प्रकाश बाहेर टाकतात. खोलीतले दिवे बंद करून नुसता निळा लावला, की तोपर्यंत मळकट तपकिरी वाटणारे प्रवाळ दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखे आतून उजळतात. पांढरा वाढवला की ही चमक त्यात बुडून जाते.

गंमत म्हणजे आपल्या घरातला पांढरा एलईडी दिवाही मुळात निळाच असतो. निळ्या दिव्यावर पिवळसर लेप देऊन तो पांढरा केलेला असतो. लाल एलईडी 1962 पासून होता, पण झगझगीत निळा तयार व्हायला 1990 चे दशक उजाडले. त्या कामासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना 2014 साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे.

नवा दिवा बसला. भाच्याने कुणाकडून तरी पाण्यातला प्रकाश मोजायचे यंत्र मागून आणले. वनस्पतींना आणि शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश किती, ते हे यंत्र आकड्यात सांगते. उघड्यावर भर दुपारच्या उन्हात हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. पेटीत मधोमध हातोडीच्या आकाराच्या टोकांचे एक प्रवाळ होते, हॅमर कोरल. त्याच्या जागी आकडा शंभर-सव्वाशे राहील असे भाच्याने बेताने ठेवले. तेही एकदम नाही. दिवा आधी मंद ठेवून तीन आठवड्यांत थोडा थोडा वाढवला. नव्या उजेडाची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो, असे तो सांगत होता आणि मी कौतुकाने ऐकत होते. ऐकले, पण कानांनीच.

पुढच्या आठवड्यात तो चार दिवस शाळेच्या शिबिराला गेला. माशांना चिमूटभर खाणे घालायचे काम मोठ्या विश्वासाने माझ्यावर सोपवले. तिकडे दुपारचे बारा म्हणजे इंदूरला रात्रीचे साडेनऊ. मी घरच्यांना आणि दोन शिक्षिका मैत्रिणींना व्हिडिओ कॉलवर पेटी दाखवू लागले. फोनमध्ये सगळे नुसते निळेच दिसे. "ताई, काहीच दिसत नाही हो," असे पलीकडून ऐकले, की मला चुटपुट लागे. शेजारच्या टॅबलेटवर प्रत्येक रंगाची एक पट्टी होती. मी पांढऱ्याची पट्टी बोटाने शेवटपर्यंत ओढली. लालही थोडा वाढवला. पेटी सराफ्यातल्या दुकानासारखी लखलखली. पलीकडे सगळे "वा, वा" म्हणाले. चारही दिवस दुपारी तीन-चार तास मी तसेच ठेवले आणि संध्याकाळी भाऊ घरी यायच्या आत पट्ट्या होत्या तशा करून ठेवल्या. या शेवटच्या वाक्याची मला जास्त लाज वाटते. पट्ट्या परत ठेवत होते, म्हणजे आपण काही चुकीचे करतो आहोत हे मला कुठेतरी कळत होते.

चौथ्या दिवशी हॅमरची टोके आक्रसली. तपकिरी-हिरवा रंग उतरून ते फिकट दिसू लागले. उजेड किंवा उष्णता सोसण्यापलीकडे गेली, की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. समुद्रात पाणी तापले की हेच मोठ्या प्रमाणावर होते. आपल्या लक्षद्वीपमध्ये 1998, 2010, 2016 आणि 2024 साली असे घडले आहे. येथे समुद्र नव्हता, पाणी तापले नव्हते. फक्त मी होते.

भाचा आला, पाच मिनिटे पेटीसमोर उभा राहिला आणि त्याने विचारले, "आत्या, तू व्हाईट वाढवलास का?"

मी हो म्हणाले. का वाढवला, तेही सांगितले. तो रागावला असता तर बरे वाटले असते. त्याने यंत्र पाण्यात धरले आणि पट्टी माझ्यासारखी ओढून पाहिली. आकडा तीनशेच्या वर गेला. मग दिवा पहिल्यापेक्षाही मंद करून तो म्हणाला, "लगेच मरत नाही ते. पण आता हळू जायचं. आणि आत्या, फोनवर दिसण्यासाठी नाहीये ना तो लाइट."

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर प्रवाळ नव्हते, आपल्या शाळेतली एक मुलगी होती. 2019 साली ती सातवीत आली. खेड्यातून आलेली, घरी निमाडी बोलणारी. मराठी तिला नवी, पण आवाज असा गोड की प्रार्थनेत सहज ओळखू यावा. शाळेत येऊन तिला दीड महिना झाला होता. कार्यक्रमाला मोठे पाहुणे येणार होते. "आपल्याकडे येऊन मुले किती लवकर मराठी शिकतात" हे पाहुण्यांना दिसावे, म्हणून मी तिलाच सूत्रसंचालनाला उभे केले. तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या होत्या, "बाई, जरा थांबूया." मी थांबले नाही. पाच-सहाशे माणसांसमोर ती तिसऱ्या वाक्याला अडखळली, कुणीतरी हसले आणि ती गप्प झाली. त्यानंतर वर्गात तिने हात वर केला नाही. पुढच्या वर्षी ती शाळा सोडून गेली. मुलगी बुजरी होती, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आले. ती बुजरी नव्हती. तिच्यावरचा उजेड मी पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी वाढवला होता.

वास्तविक मला हे कळायला हवे होते. मी स्वतः या शाळेत शिक्षिका म्हणून आले तेव्हा माझी मराठी घरगुती होती. फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घ चुके, वाक्यात 'लेकिन' येई. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मला पहिले वर्षभर सूचनाफलक लिहायला दिला. दुसऱ्या वर्षी वर्गातला सुविचार, तिसऱ्या वर्षी पंधरा ऑगस्टचे भाषण. मला वाटे, सर आपल्याला मागे ठेवत आहेत. ते रोज थोडी पट्टी वाढवत होते.

परत आल्यावर आम्ही शिक्षकांनी बसून एक गोष्ट ठरवली. नव्या मुलाला पहिल्या सत्रात मंचावर उभे करायचे नाही, त्याने स्वतःहून मागितले तर गोष्ट वेगळी. आधी वर्गातली हजेरी, मग वर्गातले वाचन, मग प्रार्थनेतला सुविचार. कुठल्या मुलाला किती झेपते, हे वर्गशिक्षकच सांगतील. त्यांचे म्हणणे मुख्याध्यापकांनाही मोडता येणार नाही. पालकांनाही विनंती, की पाहुणे आले की "म्हणून दाखव" असा आग्रह धरण्याआधी क्षणभर मुलाच्या तोंडाकडे पाहावे.

सप्टेंबरमध्ये भाच्याने फोटो पाठवला. हॅमर पूर्ण उमलला होता आणि टोकांवर हिरवी झाक परत आली होती. फोटो अर्थातच निळा-निळा होता. खाली त्याने देवनागरीत लिहिले होते, "नि उरला." मुलगी मात्र परत आलेली नाही. तिच्या घरचा पत्ता मी मिळवला आणि पत्र लिहिले. उत्तर यावे अशी माझी अपेक्षा नाही.

ही गोष्ट ऐकल्यावर आठवीच्या मुलांनी प्रयोगशाळेत प्रवाळांची पेटी मागितली. ती आपल्याला करता येणार नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली आपल्याकडच्या प्रवाळांचा समावेश झाला. ते समुद्रातून काढणे गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. बघायचेच असतील तर जामनगरजवळ नरारा येथे ओहोटीच्या वेळी चालत जाऊन त्यांच्या जागी बघता येतात. तशी सहल काढायचा विचार आहे.

तोवर प्रयोगशाळेत गोड्या पाण्याची पेटी केली आहे. उथळ पाण्यातल्या हिरव्या वनस्पतींना लालही चालतो, म्हणून तेथील दिव्याचा तक्ता मुलांनी वेगळा केला आहे. पाने कशी आहेत हे पाहून दर आठवड्याला ती त्यात बदल करतात. पाहुणे आले की कुणीतरी म्हणतेच, "उजेड जरा कमी वाटतो, नाही?" दिव्याच्या बटणाचा ताबा आठवीकडे आहे. मी त्याला हात लावत नाही.