हिंवाळ्याची तजवीज

गोंदियाकडील मनुष्यास थंडीची तयारी म्हणजे शेकोटी व जाड रजई इतकेंच ठाऊक. हौदासही तशी तयारी लागते, हें मला गेल्या आश्विनांत मिनेसोटांत मुलाच्या घरीं समजलें.

त्याच्या परसांत पोहण्याचा हौद आहे. मीं सहज सुचविलें, "सगळें पाणी काढून टाक, म्हणजे चिंता मिटली." तो हंसला. "बाबा, हौद रिकामा केला तर जमिनींतील पाणी त्यास खालून उचलूं शकतें, आंतील पाण्याच्या भारानेंच तो जागेवर राहतो." मग त्यानें पाणी नळ्यांच्या तोंडांखालीं उतरविलें, हवेचा झोत सोडून नळ्या कोरड्या केल्या, तोंडांस बुचें बसविलीं, पंपांतील पाणी काढलें. पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें. आदल्या वर्षीं आळसानें तशीच राहिलेली एक नळी फुटून हा धडा मिळाला होता. शेवटीं हौदावर जाड आच्छादन ताणलें.

मला आमच्याकडील कोहळी लोकांनीं खपून बांधलेले तलाव आठवले. ते थंडींत उघडेच असतात. उत्तरेकडील पक्षी त्यांवर उतरतात आणि उन्हाळा लागतांच माघारीं जातात.

"आतां कायमचा घरीं केव्हां येतोस?" असें मी विचारणार होतों. पण पुढील उन्हाळ्यासाठीं जो इतक्या काळजीनें हौद झांकतो, त्याचें घर कोठें आहे हें मला उमगलें. मीं आच्छादनाची एक दोरी हातीं घेतली आणि घट्ट बांधून दिली.