लाल सोनं

गरोदरपण तपासायच्या पट्टीवर दुसरी गुलाबी रेघ उमटते, तेव्हा घरातल्या बाईचा श्वास अडकलेला असतो. आनंदानं असेल, नाहीतर धास्तीनं. ती रेघ पुष्कळदा सोन्याची असते. कोविडच्या दिवसांत नाकात काडी घालून ज्या रेघेची वाट पाहिली, तीही बहुधा सोन्याचीच. वापरून केरात टाकायच्या प्लास्टिकच्या तुकड्यात सोनं असतं आणि ते लाल असतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पट्टीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांना अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात. लघवीचे थेंब कागदातून झिरपत पुढे सरकतात आणि कणांनाही सोबत नेतात. त्यात गर्भारपणाचं संप्रेरक असेल, तर ते कणावरच्या अँटिबॉडीत अडकतं. पुढे रेघेच्या जागी बसवलेली दुसरी अँटिबॉडी त्या दोघांना तिथंच थोपवते. एकटा कण कुणाच्या डोळ्यांना दिसला नसता. असंख्य कण एका ओळीत थांबले, की बाईला आपलं पुढचं वर्ष दिसतं.

सोन्याला लाल होताना मी एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत पाहिलं. चंबू आधी आम्लराजानं धुवायचा, कारण काचेवर कसला डाग राहिला तरी सगळं बिघडतं. मग त्यात सोन्याच्या क्षाराचं पाणी, फिकट पिवळं. ते खळखळून उकळायला लागलं की लिंबातल्या आम्लाचा क्षार, सोडियम सायट्रेट, एकदम ओतायचा. पिवळेपणा जातो. क्षणभर वाटतं, काहीच उरलं नाही. मग पाणी शाई सांडल्यासारखं काळसर निळं होतं, जांभळटतं आणि बघता बघता माणकाच्या रंगावर येऊन स्थिरावतं. आमच्या मॅडमनी त्यातलं थोडं परीक्षानळीत घेतलं आणि मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले. लाल गेलं, निळं आलं. बाहेरून रंग असा काही घातलाच नव्हता. वेगवेगळे तरंगणारे कण मिठामुळे एकमेकांना बिलगले, एवढंच.

असा कण साधारण तेरा नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातले तेरा. त्यात साठ-सत्तर हजार अणू मावतात. एवढ्याशा जागेत कोंडलेले इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाच्या तालावर सगळे मिळून डोलतात आणि तो प्रकाश गिळून टाकतात. आपल्या वाट्याला लाल येतो. सराफकट्ट्यावरची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी बारकातला बारीक कण हेरतात. पण तोही याच्या हजारो पट मोठा, म्हणून पिवळाच.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेनं असंच लाल पाणी बनवलं होतं, फॉस्फरस वापरून. १८५७ साली त्यावर त्यानं व्याख्यान दिलं. कण दाखवील असं सूक्ष्मदर्शक तेव्हा नव्हतं. त्यानं द्रवातून प्रकाशाचा झोत सोडला, आत उजळलेली वाट पाहिली आणि हे विरघळलेलं सोनं नाही, अतिशय बारीक झालेलं सोनं आहे, असं ताडलं. त्याच्या बाटल्या तिथं जपून ठेवल्या आहेत. अजून लाल आहेत.

बरं, मुळात सोनं पिवळं तरी का? त्याचं अणुकेंद्र जड, ७९ प्रोटॉनांचं. त्याच्या ओढीनं सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगानं धावतात. अशा वेगाला आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लागू होतो, बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या सरकतात आणि धातू निळा प्रकाश शोषू लागतो. तसं नसतं तर सोनं चांदीसारखं पांढरं दिसलं असतं. आजीच्या बोरमाळेचा पिवळाधमक रंग हा असा दुरून आलेला आहे. म्हणून लाल सोनं खोटं आणि पिवळं खरं, असं मला म्हणवत नाही. दोन्ही रंग तितकेच अस्सल. एक गर्दीतल्या अणूंचा, दुसरा मूठभरांचा.

रंगाचं जे, तेच स्वभावाचं. सोनं गंजत नाही, कशाशी भांडत नाही, म्हणून तर आपण ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो. जपानमध्ये मासाताके हारुता यांनी १९८०च्या दशकात काही नॅनोमीटरचे सोन्याचे कण धातूंच्या ऑक्साइडवर बसवले आणि हे निर्विकार सोनं कामाला लागलं. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा ऑक्सिजनशी संयोग त्यानं उणे सत्तर अंश सेल्सिअसलाही घडवून आणला. काठावरच्या अणूंना शेजारी कमी असतात; त्यांचे हात मोकळे राहतात.

मग सगळेच अणू काठावर आले तर? २०२४ साली स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठात शुन काशिवाया, लार्स हुल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच अणूइतक्या जाडीचा सोन्याचा पत्रा सुटा केला. त्याचं नाव गोल्डीन. आधी टायटॅनियम, सिलिकॉन आणि कार्बन यांच्या एका थरांच्या पदार्थावर त्यांनी विजेच्या जोडणीसाठी सोनं चढवलं होतं; तापल्यावर ते आत शिरलं आणि सिलिकॉनच्या जागी जाऊन बसलं. हे अनपेक्षित होतं. त्याला बाहेर काढायला उपयोगी पडलं मुराकामीचं द्रावण, जपानी लोहारकामात शंभरएक वर्षं वापरात असलेलं. काशिवाया ते पातळ करत गेले, दिवस, आठवडे, महिने ठेवून पाहत गेले. काम अंधारात करायचं, कारण उजेड लागला की द्रावणात सायनाइड सुटतं आणि सोनंच विरघळतं. सुटलेला पत्रा गुंडाळून जाऊ नये म्हणून सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल घालायचं. मला या शोधात सर्वांत जास्त भावते ती ही चिकाटी, लोहाराच्या विद्येवरचा हा विश्वास.

या पत्र्यातल्या प्रत्येक अणूच्या वरची आणि खालची, दोन्ही बाजू मोकळ्या आहेत. कार्बन डायऑक्साइडपासून उपयोगी पदार्थ बनवणं, हायड्रोजन मिळवणं, पाणी शुद्ध करणं, अशा कामांत तो पुढे वापरता येईल, अशी त्या गटाला आशा आहे. ती फळाला यावी असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, मग आज अशा कामांना लागतं त्याहून कितीतरी कमी सोनं पुरेल.