एकतिसावी पाटी

बारावी कॉमर्सला गणित घेणारी मुलं आमच्याकडे थोडीच. गणित की एस.पी., असा पर्याय असतो. सेक्रेटेरियल प्रॅक्टिस पाठ करून निघते, म्हणून डाळज-भिगवणकडून बारामतीला जाणारी बहुतेक पोरं तिकडेच वळायची. मीही वळले असते. पण अकरावीच्या प्रवेशाला टेबलाशी बसलेल्या सरांनी फॉर्म बघून विचारलं, "वडील काय करतात?"

"मासेमारी. उजनीच्या पाण्यात."

"मग तुला गणित लागेल," म्हणाले, आणि एस.पी.समोरची खूण माझ्याकडूनच खोडून घेतली.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. नदीकाठची आजोबांची जमीन त्या पाण्यात गेली आणि ज्या पाण्यानं रान गिळलं त्यातच अण्णांनी पुढं जाळं टाकलं. चिलापी, रोहू, कटला, नशीब असेल तर मरळ. पहाटे माल काढायचा आणि भिगवणच्या बाजारात लिलावाला न्यायचा. अण्णांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण आडत्यानं दिलेली पट्टी ते दिव्याखाली दोनदा वाचायचे. कमिशन, हमाली, बर्फ, सगळं वजा जाऊन हाती काय आलं ते बोटांवर मोजायचे.

मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत असतो, त्यामुळे रोज भिगवणला उतरून बारामतीची गाडी धरणं परवडायचं. पहिलं वर्ष निभावलं. बारावीत डेरिव्हेटिव्ह सुरू झालं आणि वर्गाचा सूर बदलला. 'एक्सचा वर्ग असेल तर दोन एक्स' हे सगळ्यांना येत होतं. ते कशासाठी, हे कुणालाच कळत नव्हतं. पुस्तकातल्या उदाहरणांत एखादी कंपनी एक्स नग बनवायची आणि नग कसले ते कुणी विचारायचं नाही.

सरांनी एके दिवशी कंपनी पुसली. फळ्यावर लिहिलं: भिगवणचा बाजार, माशांच्या एक्स पाट्या. एका पाटीचा दर, १२०० वजा २० एक्स रुपये. म्हणजे बाजारात पाटी वाढली की प्रत्येक पाटीचा दर २० रुपयांनी उतरतो. आकडे सोयीसाठी घेतलेले, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. एकूण विक्री झाली १२०० एक्स वजा २० एक्स वर्ग. तिचं डेरिव्हेटिव्ह, १२०० वजा ४० एक्स, म्हणजे पुढच्या पाटीनं गल्ल्यात साधारण किती भर पडेल त्याचा अंदाज. ते शून्य होतं तीस पाट्यांवर. तीस पाट्यांची विक्री १८,००० रुपये. एकतीस नेल्या तर १७,९८०. "मासे जास्त, पैसे कमी," सर म्हणाले. "एकूण किती विकलं ते नंतर बघा. आधी पुढची एक पाटी काय करते ते विचारा."

संध्याकाळी अण्णा ओट्यावर जाळं सांधत बसले होते. मी हे गणित त्यांना जसंच्या तसं सांगितलं. आवक वाढली की दर पडतो, हे त्यांना माझ्याकडून शिकायचं नव्हतंच. पण ते जाळ्यातली सुई थांबवून म्हणाले, "व्हय, खरंय. पर ती एकतिसावी पाटी शेजाऱ्याची असली तर?"

मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी भीत भीत सरांना विचारलं. सर हसले नाहीत. त्यांनी चालू उदाहरण थांबवलं, फळ्याचा अर्धा भाग पुसला आणि वर लिहिलं: 'वडिलांचा प्रश्न'. मग तासभर तेवढंच. तीस होड्या आणि प्रत्येकाची एकच पाटी असेल, तर एकट्या अण्णांच्या पाटीनं दर जेमतेम हलतो. दर उतरला तरी त्यांना त्या पाटीचे जवळजवळ सहाशे रुपये मिळतातच; घट वाटली जाते बाकीच्यांत. मग त्यांनी पाटी का आणू नये? शेजाऱ्यानंही का आणू नये? प्रत्येकाचं गणित बरोबर, आणि तरी बाजार पडतो. सगळ्यांनी मिळून किती माल काढायचा हे ठरवलं, तरच ते तीस पाट्यांचं उत्तर कामाचं. "हा प्रश्न पुस्तकात या धड्यात नाही," सर म्हणाले, "पण धड्याहून मोठा आहे. घरी सांग."

मी घरी सांगितलं. अण्णा काही बोलले नाहीत. पण त्या महिन्यापासून पट्टी मला वाचायला देऊ लागले.

सरांनीच एकदा पाटणच्या शिलालेखाचं सांगितलं होतं. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला, ग्रहाची त्या क्षणाची गती काढताना ते याच वाटेनं गेले होते. त्यांचा नातू चांगदेव यानं चाळीसगावजवळ पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. बाजारात विकायला आलेल्या मालावर गिऱ्हाइकांकडून जो कर राजाकडे जायचा, तो त्या मठाला दिला गेला. लेखात हे जुन्या मराठीत कोरलंय. "तेव्हाही गणिताची फी बाजारानंच भरली," सर म्हणाले. माझी फी भिगवणच्या बाजारातनं येते, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांचं देणं फिटलं नाही. निरोपाला मरळ घेऊन जावं तर सर पक्के शाकाहारी. वर्षभर माशांवर गणितं घातली, पण चव कधी घेतली नाही. मार्कांचे आभार मानणं सोपं होतं. पण चौथी शिकलेल्या माणसाची शंका त्यांनी वर्गापुढे फळ्यावर मांडली, त्याची परतफेड कशानं करायची?

आता मी एका पतसंस्थेत कर्जाचे अर्ज बघते. दुसरी होडी, तिसरी गाय, आणखी एक बोअर. किती मिळवता हे विचारण्याआधी या एकानं नेमकी किती भर पडेल, हे विचारते. आणि अर्जदार अडखळत एखादी उलटी शंका काढतो, तेव्हा रांग खोळंबली तरी ती आधी कागदावर त्याच्याच शब्दांत उतरवून घेते. सरांच्या खात्यावर माझ्याकडून आजवर एवढंच जमा आहे.