पिंपाचा पहिला वास

पिंपावरचं गोणपाट बाजूला केल्याबरोबर जो वास येतो तोच खरा. दोन-चार श्वासांत नाक त्याला सरावतं आणि मग चांगल्या-वाईटातला फरक कळेनासा होतो. निपाणीजवळच्या आमच्या रानात कंपोस्टचं पाणी करायला लागल्यापासून याचा प्रत्यय मला रोज येतो. पण हे मला शिकवलं आत्तीनं. तिची उमेदीची वर्षं तंबाखूच्या वखारीत गेली. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले, तेव्हाही ती वखारीत चाळण्यावर होती. तंबाखूच्या धुळीनं तिला आयुष्यभराचा खोकला दिला, तरी नाक मात्र शाबूत राहिलं. पोत्याचं तोंड सोडलं की आतला माल ओलसर आहे का, त्याला बुरशी धरली आहे का, हे ती हात न लावता सांगायची. वखारीतल्या बायका पहिल्या वासावर निकाल द्यायच्या आणि शंका आली तर बाहेर मोकळ्या हवेत जाऊन, पदर नाकाशी धरून थोडा वेळ थांबायच्या, मग परत यायच्या. मी पिंपापाशी अजूनही तसंच करतो.

आमच्या भागाला जीवामृत नवं नाही. सुभाष पाळेकरांच्या शेतीची शिबिरं कर्नाटकात रयत संघानं भरवली, इकडे कोल्हापूरच्या वाटेवर कणेरी मठानं सेंद्रिय शेतीचा ध्यास घेतला. त्यामुळे दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं ताजं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती हे माप इथल्या कितीतरी शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. पिंप सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, दोन दिवसांनी वापरायला काढायचं. पहिल्या दिवशी त्याला शेणा-गोमूत्राचा उग्र दर्प असतो. तिसऱ्या दिवशी तो मावळतो आणि आंबूस, किंचित गोडसर वास येतो. आठवडा उलटला की ते उतरतं.

कंपोस्टच्या पाण्याची तऱ्हा वेगळी. त्यात ताजं शेण नाही, जुनं मुरलेलं खत लागतं. मी वर्षभर पालटलेल्या ढिगातलं, हातात घेतल्यावर भुसभुशीत लागणारं सात-आठ किलो खत मच्छरदाणीच्या कापडात बांधतो आणि विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात लोंबकळत सोडतो. जिवाणूंना खाद्य म्हणून त्यात गूळही घालतो. नळाचं पाणी असेल तर ते रात्रभर उघडं ठेवावं लागतं, नाहीतर त्यातलं क्लोरीन आपण जे जिवाणू वाढवायला निघालो त्यांनाच मारतं. तळाशी हवेच्या नळ्या सोडून पंप चालू करायचा. माशांच्या काचेच्या टाकीचा छोटा पंप एवढ्या पाण्याला पुरत नाही, मोठाच घ्यावा लागतो. पाणी अखंड खदखदत राहिलं पाहिजे. चोवीस ते छत्तीस तासांत काम होतं. पंप बंद केल्यावर चार-पाच तासांत ते रानात गेलं तर ठीक.

फेस बघून लोक हुरळतात. पाण्यात गूळ आणि विरघळलेली प्रथिनं असली की हवेनं फेस येणारच, त्यावरून पाणी चांगलं ठरत नाही. शेतावर उभ्या माणसाजवळ ना सूक्ष्मदर्शक असतो, ना प्राणवायू मोजायचं यंत्र. नाकच असतं, म्हणून त्याला शिकवावं लागतं.

शिकवायचं ते असं. पिंप उघडण्याआधी ज्या ढिगातलं खत घेतलं त्यातलीच मूठभर माती हुंगायची. मग पिंपाकडे जायचं. दोन्हींच्या वासात नातं लागलं पाहिजे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर आमच्या काळ्या रानातून जो वास उठतो, त्यात जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू ते तयार करतात. लिटरभर पाण्यात ते काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की या वासामुळे मातीतले स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे जिवाणूंकडे खेचले जातात आणि त्यांचे बीजाणू अंगावरून व विष्ठेतून दुसरीकडे नेतात. म्हणजे हा वास मातीतला एक व्यवहार आहे. चांगल्या पिंपात तोच वास येतो, फक्त थोडा पातळ झालेला आणि ओला.

बिघडलेल्या पिंपाचा वास मला एका वैशाखात नीट कळला. रात्री वीज गेली आणि पहाटेपर्यंत आली नाही. पंप थांबलेला, दिवसभर तापलेलं पाणी तसंच कोमट आणि पिंपात गूळ. सकाळी गोणपाट उचललं तेव्हा सडक्या अंड्यांचा वास आला आणि त्याच्यामागून दुसरा, घशात अडकणारा. आत्ती गोठ्याच्या दारात होती. तिथूनच म्हणाली, "ह्याचा जीव गेलाय. उकिरड्यावर ओत जा, पिकाला नको."

तिनं एका वाक्यात सांगितलं त्याची फोड करायला मला बरंच वाचावं लागलं. वीस अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांना तो सातवर येतो. म्हणजे उन्हाळ्यात आधीच तुटवडा. त्यात गूळ खाऊन जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि उरलासुरला प्राणवायू संपवतात. मग हवेशिवाय जगणाऱ्यांचं राज्य येतं. ते गंधकाच्या संयुगांपासून हायड्रोजन सल्फाइड करतात, तो सडक्या अंड्यांचा वास. खवट लोण्यात जे ब्युटिरिक आम्ल असतं तेही तयार होतं, तो घशात अडकणारा. डोळ्यांत झोंबणारा वास आला तर तो अमोनियाचा, म्हणजे खत पुरतं मुरलं नव्हतं. या वासांची द्रव्यं कोवळ्या मुळांना सोसत नाहीत. असं पाणी वाळल्या पाल्याच्या ढिगावर ओतलं आणि ढीग दोनदा पालटला की ते पुन्हा खतात जिरतं, वाया काही जात नाही.

तेव्हापासून मी गुळाचं प्रमाण उतरवलं. पिंपाला पाव किलोच्या आत, तेही काळसर, पांढरा करण्यासाठी रसायन न घातलेला गूळ. कोल्हापूर-निपाणीच्या पट्ट्यात गुऱ्हाळवाल्याला सांगून ठेवलं तर तसा मिळतो. उन्हाळ्यात गूळ घालतच नाही. आत्तीला हे पटत नाही. गूळ घातल्याशिवाय ते "अळणी" राहतं असं तिचं मत आहे आणि जीवामृताच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण तिथलं आंबणं आपल्याला हवंच असतं, इथे नको असतं.

पण एक गोष्ट मी आत्तीच्या नाकावरही सोडत नाही. बेळगावच्या पश्चिमेला, लाल मातीच्या पट्ट्यात माझा मामेभाऊ कोथिंबीर, मेथी, पालक करतो. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्याच्या बाजारात जाते, त्यात त्याचीही असते. त्यानं माझं बघून पिंप मांडलं. त्याच्या पाण्याला इतका सुरेख वास होता की हाताची ओंजळ नाकाशी धरून मी कितीतरी वेळ उभा होतो. लाल मातीचा वास आमच्या काळ्या मातीपेक्षा हलका, जरा कोरडा असतो, तोसुद्धा त्यात उतरला होता. तो फवारणीचा पंप पाठीला लावायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं.

चांगला वास हवा पोचल्याची खूण आहे. शेणखतातून आलेले रोगजंतू पाण्यात नाहीत, हे तो सांगत नाही. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांना स्वतःचा वास नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी 2007 साली दाखवून दिलं की अशा पाण्यात खाद्य म्हणून काही पूरक द्रव्यं घातली तर खतात नावाला उरलेले हे जंतू हवेच्या पाण्यातही वाढू शकतात. कोथिंबीर माणूस कच्ची खातो. ती कोणाच्या ताटात पडेल, घरात लहान मूल असेल की आजारी म्हातारं, हे आपल्याला कुठे कळणार?

मामेभाऊ नाराज झाला. "मग एवढी खटपट कशाला केली?" म्हणाला. खटपट फुकट जाणार नव्हती. वाफ्यात पेरणीच्या आधी जमिनीला ते पाणी द्यायचं, नारळाच्या आळ्यात द्यायचं, मिरचीच्या रोपांना मुळाशी ओतायचं. पालेभाजीच्या पानांवर मात्र नाही आणि उभ्या पालेभाजीच्या वाफ्यातही नाही. खताचा ढीगही नीट तापवायला हवा. मधोमध पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस राहिला आणि पालटून कडेचा मालही आत गेला तरच जंतू मरतात. हिवाळ्यात पहाटे ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायची, थोड्या वेळानं बाहेर काढून मुठीत धरायची. धरवली नाही तर ढीग तापलाय.

त्यानं आता ढिगाजवळ सळई ठेवलीय. पिंपाचं तोंड तो आधी बायकोला उघडायला सांगतो, कारण तिचं नाक त्याच्यापेक्षा तिखट आहे. मागच्या खेपेला तिनं नुसतं गोणपाट उचललं आणि म्हणाली, आज नळी कुठंतरी बुजलीय. पाण्यात हात घालून बघितलं, तर एका नळीच्या तोंडात गाळ बसला होता.