विहारातले संगणक आणि आपला हिशेब



२०२५ सालच्या बुद्ध पौर्णिमेची, म्हणजे १२ मेची ही गोष्ट. परभणीतील आमच्या वस्तीच्या विहारात संध्याकाळी वंदना झाली, खीरदान झाले आणि सगळ्या बाया पुढे सरकून बसल्या. त्या दिवशी त्यांना त्यांचेच आवाज ऐकवायचे ठरले होते. आदल्या दोन वर्षावासांत विहाराच्या अभ्यासिकेतील मुलामुलींनी वस्तीतल्या १७ वृद्ध बायांच्या जात्यावरच्या ओव्या आणि आठवणी संगणकात भरून ठेवल्या होत्या. कुणी बाबासाहेबांवरची ओवी म्हटली होती. कुणी १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर लेकरे काखोटीला मारून रात्रीतून गाव कसे सोडले ते सांगितले होते. माझ्या सासूबाईंचाही आवाज त्यात होता. त्या २०२४ च्या डिसेंबरात आम्हाला सोडून गेल्या.

पोरांनी संगणक चालू केला. आतून टक टक, टक टक असा आवाज येऊ लागला. पडदा काळाच राहिला. दोन-तीन वेळा बंद करून पाहिला, हलवून पाहिला, पंख्याखाली ठेवून पाहिला. अर्धा तास बाया बसल्या आणि मग एकेक करून उठून गेल्या. जाताना एक आजी म्हणाल्या, ‘‘राहू दे रे लेकरा, आम्ही अजून जित्त्या हाव, पुन्हा म्हनू.’’ पण माझ्या सासूबाई पुन्हा म्हणणार नव्हत्या.

दुसऱ्या शहरातल्या दुकानात ती डिस्क दाखवली. आतला माल बाहेर काढायचा जो खर्च सांगितला तो आमच्या मंडळाच्या वर्षाच्या वर्गणीपेक्षा जास्त होता, आणि वर हमी काहीच नव्हती. एका मुलीच्या मोबाईलमध्ये चार बायांचे आवाज राहिले होते, तेवढेच वाचले. त्यात सासूबाई नव्हत्या.

चूक कुणाची, यावर वस्तीत बरेच दिवस बोलणे चालले. मी महिला मंडळाची खजिनदार. वहीत पै-पैचा हिशेब ठेवणारी. पण ज्या पेटीत आमच्या बायांचे आयुष्य भरून ठेवले होते, त्या पेटीची दुसरी प्रत आहे का, हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. पैशाची पावती दोन प्रतींत फाडायची हे मला कळते. आवाजाचीही प्रत काढायची असते हे कळले नाही. म्हणून मी पोरांना दोष दिला नाही.

आषाढ पौर्णिमेला, १० जुलैला, वर्षावास सुरू झाला आणि त्याच रात्री विहारात बैठक बसली. अभ्यासिकेत पाच संगणक होते. सगळे कुणाच्या ना कुणाच्या कार्यालयातून जुने म्हणून निघालेले. त्यातला एक तर वर्षभर मेलेलाच होता. मंडळाकडे शिल्लक २४,००० रुपये: काही जयंतीच्या वर्गणीतून उरलेले, काही बायांनी महिन्याला २० रुपये टाकून जमवलेले. यात धुणीभांडी करणाऱ्या बायांचे पैसे आहेत, मोंढ्यात धान्य निवडणाऱ्या बायांचे आहेत.

पोरांचे म्हणणे सरळ होते. जुने सगळे भंगारात घालावे आणि नवे घ्यावेत. पैसे पुरत नाहीत, तर एक पुढारी दोन नवे संगणक द्यायला तयार आहेत. त्यांची अट एकच: अभ्यासिकेच्या दारावर त्यांच्या नावाचा मोठा फलक. एका पोराने विचारले, ‘‘काकू, फुकट मिळायलंय तर नाही कामून म्हणायचं?’’

प्रश्न खोटा नव्हता. स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायला आमच्या मुलींना रात्री आठ-आठ वाजता बाजारातल्या दुकानात जाऊन थांबावे लागते. घरचे मग जाऊच देत नाहीत, आणि अर्जाची तारीख निघून जाते. अशा वेळी फलक काय आणि नाव काय, असे कुणालाही वाटेल. मी एवढेच म्हणाले की दान घ्यायला ना नाही, पण दान देणाऱ्याने दार मागू नये. आणि आधी मला हे सांगा, की आहे ते संगणक खरेच निकामी झालेत का? कुणी उघडून पाहिलेत का?

कुणीच पाहिले नव्हते. तेव्हा पॉलिटेक्निक झालेली माझी भाची उठली. तिने सतरंजीवर एक संगणक आडवा ठेवला, स्क्रू काढले आणि बाजूचा पत्रा बाजूला केला. आत बोटभर धूळ. पंख्यावर धुळीची गोधडीच बसलेली. परभणीचा मे महिना आणि वर पत्र्याचे छप्पर. यंत्राने तरी श्वास कुठून घ्यावा?

ती म्हणाली, ‘‘मावशी, ही डिस्क म्हणजे आपली कणगी. सगळं धान्य हिच्यात राहतं. आणि ही पट्टी म्हणजे रॅम, आपला ओटा. काम करताना जेवढं लागतं तेवढं कणगीतून काढून ओट्यावर घ्यायचं. ओटा लहान असला की एक भांडं उचलल्याबिगर दुसरं ठेवता येत नाही. म्हणून हे हळू चालतंय. रॅम वाढवावी लागंल.’’

मागून एक आजी कानाला हात लावून म्हणाल्या, ‘‘काय म्हनली गं? विहारात राम कशाला?’’ बैठकीत असा हशा पिकला की दोन महिन्यांचे मळभ त्या हशात निघून गेले.

मग तिने जुनी डिस्क उघडून आतले दाखवले. आरशासारखी चकती, आणि तिच्यावर ग्रामोफोनच्या सुईसारखा एक दांडा. ही चकती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तो दांडा तिला न टेकता अगदी जवळून फिरतो. धक्का बसला, यंत्र जुने झाले, लाईट सारखी जात-येत राहिली, की कधीतरी तो दांडा बिघडतो. टक टक ऐकू येत होते ते त्याचेच. नव्या एसएसडी नावाच्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसते. ती जुन्या डिस्कच्याच जागी बसते आणि दहा-बारा वर्षांचा संगणकही तिच्यामुळे चटकन उघडतो.

त्या रात्री बायांनी इतके प्रश्न विचारले की पोरांना घाम फुटला. बाजारात मिळते ती कोणतीही रॅम बसेल का? नाही, आमचे संगणक डीडीआर ३ जातीचे, त्यांच्या खाचेत नव्या जातीची पट्टी जातच नाही. मेलेल्या संगणकाचे काय करायचे? त्याची रॅम काढून दुसऱ्याला लावायची. तारीख दरवेळी चुकीची का दाखवतो? आतला बटणासारखा सेल संपला आहे. तारीख चुकली की अर्जाच्या साईटही धड उघडत नाहीत. ज्या दोषापायी पोरे ‘संगणक बाद झाला’ म्हणत होती, तो ४० रुपयांच्या सेलचा होता.

पुढच्या रविवारी दोन मुले आणि दोन मुली बाजारात फिरून तीन दुकानांचे दर लिहून घेऊन आल्या. मी वहीत मांडले ते असे. चार संगणकांना चार एसएसडी, ७,६०० रुपये. रॅमच्या पट्ट्या चार लागणार; एक मेलेल्या संगणकातून निघाली, तीन जुन्या बाजारातून, १,८०० रुपये. दोन यूपीएसच्या बॅटऱ्या, २,००० रुपये. सेल चार, १६० रुपये. विहाराच्या वायरिंगला अर्थिंगच नव्हते, ते करून घ्यायला १,५०० रुपये. इथपर्यंत पोरे खूश होती, कारण बऱ्यापैकी पैसे उरत होते. त्यांना उरलेल्या पैशात मोठा स्पीकर हवा होता.

मी म्हणाले, ‘‘आणि आवाज ठेवायचे कशात?’’

त्यांचे म्हणणे, जुन्या निघालेल्या डिस्क आहेतच, त्यातच ठेवू. बैठकीत सगळ्यात जास्त वाद झाला तो इथे. अखेर ज्या आजींनी ‘पुन्हा म्हनू’ असे सांगितले होते त्याच बोलल्या. ‘‘एकदा फुटल्या घागरीत पानी भरलं, आता दुसऱ्यांदा भरायलेत का?’’ त्यावर कुणी बोलले नाही. बाहेरून जोडायच्या दोन नव्या हार्ड डिस्क घ्यायचे ठरले, १०,४०० रुपये. एक विहाराच्या कपाटात राहील, दुसरी वस्तीच्या दुसऱ्या टोकाला एका घरात राहील. म्हणजे एकीकडे आग लागो, पाणी शिरो, चोरी होवो, दुसरीकडची प्रत वाचेल. एकूण खर्च २३,४६० रुपये. शिल्लक ५४० रुपये. स्पीकर राहिला.

आणखी एक गाठ सोडवायची होती. विंडोज १० ला मिळणारी कंपनीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती. विंडोज ११ या जुन्या यंत्रांना चालत नाही, त्याला नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चालती यंत्रे केवळ कागदावर म्हातारी ठरणार. भाचीने लिनक्सचा मार्ग सुचवला. तो फुकट मिळतो, त्यात मराठी टंकलेखन होते, अर्ज भरता येतात, हॉल तिकीट काढता येते. बंगळूरला सुदर्शन लेआउट नावाच्या गरीब वस्तीत मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतील स्वयंसेवकांनी असेच जुने संगणक जमवून वस्तीतल्या मुलांसाठी केंद्र चालवले. त्या केंद्राला नाव बाबासाहेबांचेच: आंबेडकर कम्युनिटी कॉम्प्युटिंग सेंटर. हे ऐकून पोरांचा ‘फुकटचे ते हलके’ हा समज गेला. तरी टायपिंगच्या परीक्षेसाठी विंडोजची सवय लागते, हे एका मुलाचे म्हणणे रास्त होते. म्हणून तीन संगणक लिनक्सवर घेतले आणि चौथ्यावर विंडोज १० तसेच ठेवले. मात्र त्याला इंटरनेट जोडायचे नाही.

बैठकीत मला एक गोष्ट सारखी आठवत होती. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. ते फार वर्षे टिकले नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. पण नुसते लिहून ते थांबले नाहीत, समाजाचा स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा केला. लेखणी आपली आणि यंत्र दुसऱ्याचे, असे असेल तर आपला शब्द त्याच्या मर्जीवर राहतो, हे त्यांना ठाऊक होते. आज छापखान्याच्या जागी संगणक आला, एवढाच फरक आहे. तो कुणाचा, तो उघडता कुणाला येतो, आणि त्यातले राखायचे कुणी, हे तीन प्रश्न तेच आहेत.

वर्षावासभर काम चालले. दिवसा नोकरीधंदा करून पोरे रात्री येत. पंखे ब्रशने झाडले, पट्ट्या बसवल्या, अर्थिंगचा खड्डा पोरांनीच खणला. दोन मुली आता स्वतः स्क्रू काढून डिस्क बदलतात. वाचलेल्या ४ आवाजांसाठी नव्हे, तर गेलेल्या १३ आवाजांसाठी त्या पुन्हा दारोदार गेल्या. त्यांतल्या ११ बाया पुन्हा बसल्या, पुन्हा म्हटले. दोघी आता नाहीत.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. त्या संध्याकाळी बाया पुन्हा विहारात पुढे सरकून बसल्या. या वेळी आवाज आला. मोठा स्पीकर नव्हता, म्हणून सगळ्या अगदी गप्प बसून ऐकत होत्या.

मुलींनी त्या दिवशी आणखी एक आवाज ऐकवला, आपल्याच जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांतल्या अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. माजलगावच्या भीमनगरमधील राधाबाई बोऱ्हाडे यांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. टेपवरचे ते आवाज कुणीतरी संगणकात उतरवले, प्रती काढल्या, सांभाळले, म्हणून पुढे ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून ते आज कुणालाही ऐकता येतात. ताडकळसची बाई जात्यावर बसून गायली आणि तिचा आवाज राहिला. माझ्या सासूबाई त्याच जिल्ह्यात, तशाच जात्यावर गायल्या, आणि त्यांचा राहिला नाही. दोघींच्या गळ्यात फरक नव्हता, फरक प्रतीचा होता.

तेव्हापासून आमच्या विहारात एक नियम आहे. दर पौर्णिमेला वंदना झाली की दोन्ही डिस्क आणायच्या, नवे असेल ते दोन्हींत भरायचे, आणि मनाला येईल तो एक आवाज लावून ऐकायचा. नुसती प्रत काढून भागत नाही, ती उघडते का हेही पाहावे लागते. मग मी वहीत तारीख टाकते आणि दोघी मुली सही करतात.

बहिणींनो, तुमच्याही विहारात, वाचनालयात, मंडळात एखादा जुना संगणक धूळ खात असेल. त्याला भंगार म्हणण्याआधी एकदा उघडून पाहा. नवे घ्यायचे तर जरूर घ्या. पण त्यात काय ठेवले आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे, हे तुमच्या खजिनदार बाईला विचारा. मला ते कुणी विचारले नव्हते.

आमच्या वहीत ५४० रुपये शिल्लक होते. त्यात महिन्याला २० रुपये पडतच आहेत. पुढच्या बुद्ध पौर्णिमेपर्यंत स्पीकरचे बघू.

नमो बुद्धाय. जयभीम.