हे केलं कोणी?

प्रिय मुक्ता,



फोनवर तू सहज बोलून गेलीस, पण मला ते लागलं. ४ जुलैला अमेरिकेला २५० वर्षं होतायत, जिकडेतिकडे जुन्या खुर्च्या नि चहाच्या किटल्या मांडतील, मुलं कंटाळतील, एकच बघायचं तर काय बघू? मुलं कंटाळतील म्हणे! केळकर संग्रहालयात अडकित्त्यांपुढून तुला ओढून आणावं लागायचं. तुझ्यापायी बाबांची कोल्हापूरची गाडी चुकली होती, विसरलीस?

बॉस्टनलाच राहतेस, तर आधी तिथल्या फाइन आर्ट्स म्युझियममध्ये जा. पॉल रिव्हिअरने १७६८मध्ये घडवलेला चांदीचा मोठा वाडगा तिथे आहे. इंग्रज सरकारच्या दबावाला न जुमानणाऱ्या ९२ लोकप्रतिनिधींच्या सन्मानासाठी केलेला. तो बघाच. पण चांदी कोणाच्याही नजरेत भरते. माझा जीव अडकलाय तो डेव्हच्या रांजणांत.

डेव्ह म्हणजे डेव्हिड ड्रेक, साउथ कॅरोलायनातल्या एजफील्डचा गुलाम कुंभार. खारवलेलं मांस नि चरबी साठवायला तो रांजण घडवायचा. १८५९मध्ये एका सोबत्याबरोबर केलेले दोन तर दीडशे लिटरच्या घरातले आहेत. रांजणाच्या खांद्याशी वाकून नीट बघ. ओल्या मातीत टोकदार काहीतरी धरून कोरलेली अक्षरं, त्यावर झिलईचा हिरवट-तपकिरी ओघळ. मालकाच्या नावाची आद्याक्षरं, तारीख, आणि पुढे ‘डेव्ह’. कधी दोन ओळींचं कवन. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं त्या राज्यात १८३४पासून गुन्हा होता, आणि हा माणूस विकायला जाणाऱ्या भांड्यावर सही करत होता! १८५७च्या एका रांजणावर तर त्याने विचारलंय, आपली नात्याची माणसं सगळी गेली कुठे? वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, मुक्ता.

२०२५मध्ये तुमच्या म्युझियमने त्याचे दोन रांजण त्याच्या वंशजांच्या हवाली केले आणि त्यातला एक त्यांच्याकडून रीतसर विकत घेतला. दीडशेहून जास्त वर्षांनी का होईना, पैसे योग्य घरी गेले. प्रदर्शन असं असावं, असं माझं ठाम मत आहे. याउलट, न्यूपोर्टच्या सुतारांनी केलेलं महोगनीचं एक मेज १९८९च्या लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरला गेलं. त्याचा पहिला मालक कोण, हे नोंदलेलं आहे. पण कॅरिबियन बेटांवर ती महोगनी गुलामांच्या हातांनी तोडली जायची. त्यांची नावं? कापडाचंही तेच. तुझ्या जवळच्या सेलमला १७९९मध्ये जहाजांच्या कप्तानांनी संस्था काढली, तिथलं आजचं म्युझियम तिच्यातूनच उभं राहिलं. ही सेलमची जहाजं आपल्याकडून कापड भरून न्यायची. मुंबईत त्यांचा व्यवहार बघणाऱ्या नसरवानजी वाडियांचं नाव राहिलं. मागावर बसलेल्या माणसाचं कोण ठेवणार?

हे सगळं एका दमात मुलांना सांगू नकोस, नाहीतर खरंच कंटाळतील. पण मला काळजी वाटते गं. एवढ्या मोठ्या उत्सवात चकचकीत तेवढंच पुढे मांडलं जाईल, आणि तू नेहमीसारखी फलक न वाचता फोटो काढत सुटशील. मुलांचा देश आता तोच आहे. तो त्यांना अर्धामुर्धा कळलेला मला चालणार नाही.

तेव्हा दोघांना बरोबर ने, आणि प्रत्येक वस्तूपुढे एवढंच विचारायला शिकव, हे केलं कोणी? फलकावर नसेल तर तिथल्या माणसांना विचारा. त्यांनाही सांगता आलं नाही, तर म्युझियमला सरळ पत्र लिहा, आणि ते मुलांच्या हातून लिहून घे.

तुझी,
नलूमावशी